राखण नसलेलं पाणी

मुदललच्या घरी वर्षअखेरीचं पाणी भरणं म्हणजे लग्नघाई. सुना दमतात, नातवंडं पळ काढतात. सगळे रांजण भरून झाले, घागरी भरून झाल्या, त्यांवर पांढरी फडकी बांधून झाली की म्हातारी मुदलल कमरेवर हात ठेवून विचारते, "आणि भिंतीजवळची?" मग कुणीतरी कुरकुरत उठतं आणि फरात नदीवरून आणखी एक घागर आणून भिंतीच्या सावलीत ठेवतं. त्या घागरीला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. नवीन वर्षात दार पहिल्यांदा उघडलं की ती डाळिंबाच्या मुळाशी ओततात. धाकटी सून एकदा म्हणाली, "आत्या, लागत नाही तर भरायची कशाला?" मुदलल म्हणाली, "लागली नाही, एवढ्यासाठीच आभार मानायचे असतात गं."

ती दलदलीकाठच्या सूक-अल-शुयूख गावी नवरी होऊन आली तेव्हा ही घागर तिच्या घरी नव्हती. ती होती शेजारी, चासिबच्या आईच्या अंगणात. पण हे मुदललला ठाऊक नव्हतं.

मुदलल कलात सालेह गावच्या एका सोनाराची लेक. माहेरी चांदीच्या तारेत वाढलेली. पडली ती डांबराच्या घरात. नवरा सरवान होड्या बांधायचा. दलदलीत जाणाऱ्या त्या लांबट, निमुळत्या मशहूफ होड्यांना खालून डांबर चोपडावं लागतं, आणि ते डांबर सरवानच्या नखांत, केसांत, कधी कधी जेवणातही असायचं. माणूस चांगला, हसरा. वेळेचं भान मात्र अजिबात नाही. सासू ममानिया वेळेची आणि शुद्धतेची एवढी पक्की की तिच्यासमोर मांजरसुद्धा पाय झटकून आत यायचं.

आणि मुदलल काळजी करायची. तो तिचा स्वभावच होता. अनहार झाल्यावर तर त्याला ऊत आला. लेक झोपली की ही तिच्या नाकापुढे बोट धरून बसायची. सरवान म्हणायचा, "श्वास घेते आहे ती. मी मघाशीच बघितलं." ती म्हणायची, "तुम्ही मघाशी बघितलं. मी आत्ता बघते आहे."

वर्षातले सगळे दिवस काळजीचे, पण वर्षअखेरीचे ते छत्तीस तास म्हणजे कहर. जुन्या वर्षाचा शेवटचा सूर्य बुडाला की तेजाचे सगळे रखवालदार, सगळे उथरे, जग सोडून वर जातात. ज्याच्यापासून जगणं सुरू झालं त्या हय्यीला नमस्कार करायला जातात. जायला वेळ लागतो, तिथे बसायला लागतो, परत यायला लागतो. तोवर खाली कुणी नसतं. नदी राखणारे शिलमाई आणि निदबाई, तेही जातात. म्हणून मांदाई, म्हणजे नदीत बुड्या घेऊन शुद्ध होणाऱ्या धर्माचा माणूस, त्या तासांत दार लावून घरात राहतो, नदीला हात लावत नाही, आधी भरलेलंच पाणी पितो. बाहेर अंधाराची राणी रुहा मोकाट असते, आणि आकाशात फिरणारी तिची सात मुलं, म्हणजे ग्रह.

गाय आणि कोंबड्या तेवढ्या वेळापुरत्या चासिबच्या आईकडे जायच्या. मधे फक्त एक मातीची भिंत, आणि ती मुसलमान, तिला हे नियम नाहीत. दर वर्षी कोंबड्या न्यायला आली की ती उंबऱ्याबाहेर उभी राहून तोच प्रश्न विचारायची.

"सगळेच्या सगळे जातात?"

"सगळे," मुदलल म्हणायची.

"एकालाही मागे ठेवत नाहीत?"

"नाही."

"मग पुरुषच असणार. बाया असत्या तर एकजण तरी चुलीपाशी थांबली असती."

आतून ममानियाचा आवाज यायचा, "चासिबची आई, उथऱ्यांची थट्टा करू नकोस!"

"थट्टा कुठे, सरवानची आई? घर उघडं टाकून जातात म्हणून जीव तुटतो." आणि मुदललकडे बघून डोळा मिचकावायची.

अनहार दीड वर्षाची असताना जे वर्ष संपलं, त्याच्या शेवटच्या दुपारी धुळीचं वादळ उठलं. उन्हाळा भर रंगात होता. आधी पश्चिमेला लाल भिंत दिसली, मग ती भिंत गावात शिरली. नदी दिसेना, खजुराची झाडं दिसेनात. सरवानच्या दोन अर्धवट होड्या काठावर उघड्या पडल्या होत्या. तो त्या ओढून छपराखाली घ्यायला धावला. मुदलल घरात अनहारला घेऊन बसली होती, कारण पोर सकाळपासून दोनदा ओकली होती. रांजण सकाळी अर्धाच भरला होता. बाकीचं सरवान भरणार होता.

सरवान आला तेव्हा त्याच्या पापण्यांवरही धूळ होती. दोन्ही हातांत दोन घागरी. आल्या आल्या त्याने त्या रांजणात रिकाम्या केल्या, झाकण ठेवलं, वर पांढरं फडकं बांधलं, आणि विजयी मुद्रेने वळला. ममानिया दारात उभी होती.

"कधी भरलंस?"

"आत्ता."

"सूर्य होता?"

"होता की."

"कुठे होता?"

"असेल कुठेतरी. धुळीत दिसला नाही म्हणजे नव्हता की काय?"

"चासिबच्या आईच्या अंगणात कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या. मी बघितलं. तू तेव्हा घाट उतरत होतास."

"कोंबड्यांना काय कळतं, आई!"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या वेळेवर घरी येतात."

कुणी हसलं नाही. सरवानचा चेहरा पडला. सूर्य बुडाल्यावर भरलेलं पाणी म्हणजे शिलमाई-निदबाई गेल्यानंतरचं पाणी, राखण नसलेलं पाणी. एकट्या घागरीत असतं तर तसंच ठेवून दिलं असतं. पण त्याने ते रांजणात ओतलं होतं, सकाळच्या चांगल्या पाण्यावर. आता कुठलं कुठलं, कोण सांगणार? आणि दार तर लागलं होतं.

शुद्ध म्हणावं असं घरात एवढंच उरलं: अनहारसाठी सकाळी वेगळी भरून ठेवलेली एक सुरई.

रात्री पोरीला जुलाब सुरू झाले. मोठ्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. ममानियाने खजूर चघळला, सरवानने तोही नाही. मुदलल सुरईतून थोडं थोडं पाजत राहिली. पोर प्यायची आणि ओकायची. उजाडलं तेव्हा अनहार रडायची थांबली होती. मुदललला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. पोरीचे ओठ कोरडे, डोळे आत गेलेले, टाळूशी हात ठेवला की खळगा लागायचा. आदल्या संध्याकाळपासून तिने लघवी केली नव्हती. मुदलल पुन्हा पुन्हा तिच्या लंगोटाखाली हात घालून बघायची. कोरडा.

दुपारी सुरई उलटी केली तर थेंब पडला नाही.

सरवान रांजणापाशी उभा होता. "देऊ या," तो म्हणाला. "मी म्हणतो सूर्य होता."

"तुम्ही म्हणता," मुदलल म्हणाली.

"मग काय करू? सांग ना! नदीवर जाऊ? ती तर त्याहून उघडी."

ममानिया भिंतीला टेकून बसली होती, ओठ हलत होते. हे पाणी दिलं आणि पोरीला काही झालं तर आयुष्यभर वाटणार की त्या पाण्याने झालं. नाही दिलं तर तहानेने होणार. कुठल्याही बाजूने हात तिचाच.

दाराच्या फटीतून वारा शीळ घालत होता. रुहाच फिरते आहे, असं लहानपणापासून ऐकलेलं. मुदललने डोळे मिटले आणि जे कुणाला कधी सांगितलं नाही ते केलं. हय्यी वर, उथरे वर, सगळे वर. खाली जी होती तिलाच ती मनात म्हणाली, तू सात जणांची आई आहेस. तुझी सातही वर फिरताहेत, चांगली धडधाकट. माझी एकच आहे. हिच्या वाटेला जाऊ नकोस.

मग ती उठली. फडकं सोडलं, झाकण काढलं, वाटी रांजणात बुडवली.

दारावर थाप पडली.

"अगं ए बुडीवाल्यांनो! तुमची ती ठिपकेवाली कोंबडी माझ्या पिठात अंडं घालून बसली आहे. माझं की तुमचं?" चासिबची आई. मग वेगळ्या आवाजात, "पोरीचा आवाज का येत नाही गं?"

मुदललने वाटी रांजणातच सोडली. ती दाराला तोंड लावून बोलायला लागली आणि रडणं, सूर्य, कोंबड्या, रांजण, सगळं एकदम बाहेर पडलं. मग चपलांचा फटफट आवाज दूर गेला. मुदललला वाटलं, कंटाळून गेली.

चपला परत आल्या. "दार उघड. आत येत नाही. उंबऱ्यावर ठेवते."

सरवानने दार किलकिलं केलं. उंबऱ्याबाहेर तांब्याची घागर होती, घासून लख्ख, तोंडावर धुतलेलं पांढरं फडकं घट्ट बांधलेलं.

"हे काय?"

"पाणी. दिसत नाही? काल भरलं."

"काल कधी?" आतून ममानियाचा आवाज आला. उठून ती दाराशी आली होती.

"दुपारच्या बांगेनंतर लगेच. वादळ यायच्या आत. तेव्हा सूर्य एवढा होता की माझा पाय भाजला. दाखवू?"

"पण का भरलंस?" मुदललने विचारलं.

चासिबची आई जरा ओशाळली. "दर वर्षी भरते. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षीपासून. तुझा नवरा दोरीबरोबर स्वतःलाही होडीला बांधून घेणारा माणूस, हे मी पहिल्याच आठवड्यात बघितलं. म्हटलं, हा कधीतरी गोंधळ घालणार. तुमच्यासारखं फडकं बांधते, पोरांना शिवू देत नाही, कोंबड्यांना फिरकू देत नाही. तुम्ही दार उघडलंत की डाळिंबाला घालते." मग तिने मान वर केली. "तुमचे ते वरचे सगळेच्या सगळे जातात ना? मी कुठे जाते?"

सरवान खाली वाकला. ममानियाने त्याच्या दंडाला धरलं.

"पाणी तिच्या हातचं आहे," ती हळू म्हणाली.

चासिबच्या आईने आपले हात पुढे करून बघितले, वर, खाली. "माझ्या हाताला डांबर तरी नाही, सरवानची आई."

मुदलल अनहारला छातीशी धरून उभी होती. तिने ठरवलं होतं. सासूने अडवलं तर ती आयुष्यात पहिल्यांदा सासूला ढकलणार होती. खांदाही पुढे झाला होता.

पण ममानिया स्वतःच वाकली. म्हातारीने घागरीचं फडकं सोडलं, नाकाशी नेलं, वास घेतला. मग घागर कलती करून ओंजळ भरली आणि स्वतः प्यायली. दुसऱ्यांदा भरली, पुन्हा प्यायली. कालपासून तहानलेली होती ती, हनुवटीवरून पाणी ओघळलं.

"यात पाप असेल तर आधी माझ्या नावावर," ती म्हणाली. "मेल्यावर आत्मे तोलणाऱ्या अबाथूरच्या तराजूत म्हातारीचा एक घोट काय, दोन घोट काय. पोरीला दे. चमच्याने दे, घाई करू नकोस. आणि तू," हे चासिबच्या आईला, "ते अंडं तुझं. ठेव."

"ठेवलंच होतं," चासिबची आई म्हणाली.

मुदललने चमचा चमचा पाजलं. पहिले दोन बाहेर आले. तिसरा राहिला. एक चमचा, मग थांबायचं, मग दुसरा. भिंतीपलीकडून मधून मधून हाक यायची, "राहतंय का?" आणि इकडून सरवान ओरडायचा, "राहतंय!" ऊन कलायला लागलं तशी अनहार कुरकुरली. मग चिडून रडली, आणि रडताना डोळ्यांतून पाणी आलं. मुदलल ते पाणी बघत राहिली.

आणि मग तिच्या मांडीवर काहीतरी गरम पसरलं.

ती किंचाळली. सरवान धडपडत उठला. "काय झालं? काय झालं?"

"ओली!" मुदलल म्हणाली. "ओली केली मला! अहो, बघा ना, ओलं झालं सगळं!"

"या तासांत!" ममानियाने कपाळावर हात मारला. "अंघोळ करायची सोय नाही आणि ही बघा नाचते आहे." पण म्हातारीचेच खांदे हलत होते, आणि ती पदराने तोंड झाकून हसत होती की रडत होती, हे सरवानला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला एवढंच कळलं की आता तोही पाणी पिऊ शकतो. तो घागरीशी गेला, एक ओंजळ प्यायला आणि तिथेच भिंतीला टेकून झोपला.

छत्तीस तास संपले. उथरे परतले. सरवानने रांजण काठावर नेऊन उलटा केला आणि ममानियाच्या देखत फोडला. त्याचा तळाचा मोठा तुकडा चासिबच्या आईने उचलून नेला. वर्षभर सांगत होती, "तुमच्या पापाच्या खापरात माझ्या कोंबड्या पाणी पितात आणि तुमच्यापेक्षा मोठी अंडी देतात."

नव्या वर्षाच्या सहाव्या दिवशी, सणाला, दारांवर विलायती मेंदी आणि विलोच्या डहाळ्यांच्या माळा लागल्या. अनहार पुन्हा कोंबड्यांमागे धावू लागली. पण मुदललच्या मनात काहीतरी अडकून राहिलं होतं. तिने घागर घासून परत दिली, वर खजूर घातला, कलेचा नावाची गोड बिस्किटं घातली. पुरेना. रविवारी नदीवर मसबुता होती, बुड्या घ्यायच्या होत्या. तिथे तिला आभार मानायचे होते, नीट, जिथे मानायचे तिथे.

शनिवारी ती भिंतीला वळसा घालून गेली. चासिबची आई तंदूरमध्ये भाकरी थापत होती.

"तुझं नाव काय?" मुदललने विचारलं.

"उन्हाने डोकं फिरलं का तुझं? चासिबची आई."

"ते चासिबचं नाव झालं. तुझं विचारते आहे."

थापलेली भाकरी हातातच राहिली. "माझं?" तिने आधी तंदूरकडे बघितलं, मग दाराकडे, जणू कुणी ऐकेल. "वसमिया," ती म्हणाली, आणि लगेच ओढणीचं टोक तोंडावर घेतलं, नव्या नवरीसारखं. "आई हाक मारायची. ती गेल्यापासून कुणी मारली नाही."

"आणि आईचं?"

"फिद्दा. दलदलीतली. आमच्या म्हशी होत्या. माझी आई म्हशीच्या पाठीवर उभी राहून गायची, तुला सांगते." धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तंदूरमध्ये मात्र धूर फारसा नव्हता. "कशाला हवंय हे सगळं?"

"वरच्यांना तुझं नाव सांगायचंय. आमच्यात नाव आईच्या नावासकट सांगावं लागतं. बापाचं चालत नाही."

"बापाचं चालत नाही?" चासिबच्या आईने भाकरी आत चिकटवली. "मग तुमचे वरचे मला वाटले त्यापेक्षा शहाणे निघाले."

रविवारी नदीवर धर्मगुरू तरमिदा बिहराम पांढऱ्या कपड्यांत, कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. दाढी ओली. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पहिल्यांदा पाण्यात बुडवलं होतं. मुदललची पाळी आली तशी ती पाण्यात उतरली आणि म्हणाली, "तरमिदा, माझ्या नावानंतर अजून एक नाव घ्यायचंय."

"कुणाचं?"

तिने सांगितलं. घागरीची गोष्ट त्यांना आधीच कळली होती. मोहल्ल्यात कुणाला कळली नव्हती? तरी त्यांनी मान हलवली. "ते नाव इथे नाही घेता येत, पोरी. ती आपल्यातली नाही. धर्मातलं नाव, मलवाशा, कुठे आहे तिचं?"

"मलवाशा नाही," मुदलल म्हणाली. "आई आहे तिला. फिद्दा."

तरमिदांनी नदीकडे बघितलं. काठावर रांगेतल्या बायका कान देऊन उभ्या होत्या. त्यांनी मुदललच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "माझ्या कानांनी ऐकलं तर मला नाही म्हणावंच लागेल. पण पाण्याखाली मला काही ऐकू येत नाही. खाली ज्यांचं पाणी आहे ते शिलमाई-निदबाई बघून घेतील."

पहिली बुडी. दुसरी बुडी. तिसऱ्या बुडीला मुदललने डोळे उघडे ठेवले. फरात हिरवी होती आणि उन्हाच्या काठ्या तिच्यात तिरक्या उभ्या होत्या. तिने तोंड उघडलं. वसमिया, फिद्दाची मुलगी. शब्द बुडबुडे होऊन वर गेले. ती खोकत वर आली तेव्हा तरमिदा दुसरीकडे बघत मंत्र म्हणत होते, आणि शब्द न चुकता पुढे म्हणत गेले.

काठावर चासिबची आई अनहारला कडेवर घेऊन आली होती. "पोर रडत होती," असं तिने सांगितलं. पोर रडत नव्हती. मुदलल कपड्यांतून पाणी निथळत तिच्यापाशी आली.

"घेतलंस?"

"घेतलं."

"मोठ्याने?"

"पाण्याखाली."

चासिबच्या आईने क्षणभर नदीकडे बघितलं, मग मुदललकडे, मग ओढणीने अनहारचं नाक पुसलं.

"म्हणजे भिजवलंस माझं नाव."

"भिजवलं."

"बरं," ती म्हणाली. "आता चल घरी. उन्हात वाळत घालू."